रिंगण आखावं कसं, आणि मोडावं कसं

दादर ज्वारी मळून झाली, खळ्याच्या मधोमध रास लागली, की मोठमाय, म्हणजे माझी आजी, सुपातून चुलीची राख मागवायची. ओंजळीतून राख सोडत ती राशीभोवती एक फेरी घालायची. मग माप सुरू होईपर्यंत त्या रेघेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही, बोलायचं तेही हळू. माप झालं, पोती शिवली, की ती परत यायची आणि तीच रेघ तळहाताने पुसायची. एका वर्षी तिने मला ती रेघ ओढू दिली. ओढून झाली आणि मी खेळायला पळाले. संध्याकाळी तिने मला हाक मारून खळ्यात परत आणलं आणि म्हणाली, "रेघ ओढी ना, मंग पुसीसन ऊठजो."

पुढे जळगावात शिकायला असताना विक्का या इंग्लंडमधून आलेल्या आधुनिक निसर्गपूजक पंथाबद्दल वाचलं. त्या पंथातले लोक कुठलाही विधी करण्याआधी स्वतःभोवती एक वर्तुळ आखतात आणि विधी संपला की ते उघडून बाहेर येतात. वाचताना मला सारखी ती राखेची रेघ दिसत होती. तेव्हापासून मी स्वतः रिंगण आखते. ज्यांना हे पहिल्यांदा करून पाहायचं आहे, घर साधं आहे, गुरू नाही, आणि जे खानदेशातल्या एखाद्या गावात किंवा शहरातल्या दोन खोल्यांत राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. युरोपातल्या मध्ययुगीन विधींमध्ये साधक वर्तुळाच्या आत उभा राहायचा आणि ज्या शक्तींना बोलवायचं त्या बाहेर राहायच्या. तिथे वर्तुळ म्हणजे तटबंदी. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने चार दिशांना पंचकोनी तारा काढून जागा स्वच्छ करण्याचा विधी रूढ केला. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर विक्काचे प्रवर्तक जेरल्ड गार्डनर उघडपणे विक्काबद्दल बोलू-लिहू लागले. त्यांच्या परंपरेत वर्तुळाचा अर्थ थोडा बदलला. आत उठलेली शक्ती सांडून जाऊ नये म्हणून ते आखायचं, जसं पाणी धरायला वाफ्याला बांध घालतात. तट की बांध, या दोन्ही कल्पना आजही चालतात आणि बहुतेक साधक दोन्ही मनात धरतात. माझा कल बांधाकडे आहे. सारखा तटाचाच विचार केला की मन बाहेर कोण आहे याचीच चाहूल घेत बसतं, आणि नवशिक्याला तर ते फारच त्रासदायक होतं.

आपल्याकडेही हे नवं नाही. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवणारे आजोबा अनेकांनी पाहिले असतील. पूजेच्या सुरुवातीला आसनशुद्धी होते, दिशा बांधल्या जातात, संध्याकाळच्या रामरक्षेत 'वज्रपंजर' हा शब्द येतो. पंजर म्हणजे पिंजरा, वज्राचा. म्हणजे कुठलंही गंभीर काम सुरू करताना स्वतःभोवती एक कडं घालायचं, ही सवय आपल्या हाडात आहेच.

सुरुवात एका वाक्याने

साहित्य गोळा करायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा. मी हे रिंगण कशासाठी आखते आहे? "परीक्षेपर्यंत माझं मन स्थिर राहावं." "वडील गेल्यानंतरचं दुःख शांतपणे सोसता यावं." "या नव्या घरात आम्हाला स्वस्थ झोप लागावी." वाक्य साधं असावं आणि त्यात दुसऱ्या कुणा माणसाचं नाव नसावं. सासूचं नाही, शेजारणीचं नाही, सोडून गेलेल्या मित्राचंही नाही.

याबद्दल मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात 'डाकीण' हा शब्द बाईच्या जिवावर उठलेला आहे. गावात ताप आला, म्हैस मेली, लेकरू दगावलं, की बोट एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या बाईकडे जातं. मग मारहाण होते, गावातून हाकलणं होतं, जीवही घेतले गेले आहेत. "माझ्यावर कुणीतरी केलंय" या वाक्यापासून रिंगण सुरू झालं, की आपणही तेच बोट उगारलेलं असतं, फक्त बंद खोलीत. पूजेतल्या भूतोत्सारणाच्या श्लोकात भूतपिशाचांना दूर व्हायला सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात, "सर्वेषामविरोधेन", म्हणजे कुणाशीही विरोध न धरता मी हे कर्म सुरू करतो. मला सगळ्या विधींमध्ये हा एक शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. रिंगण आखताना तुम्हाला दुसरं काहीच आठवलं नाही तरी हा शब्द म्हणा.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी, अपशकुनी, सैतानाचा अवतार ठरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. स्वतःच्या घरात, कुणाला इजा न करता, कुणाला न फसवता केलेल्या पूजाअर्चेवर हा कायदा बोट ठेवत नाही. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन रिंगण आखू नका, आणि कुणाच्या दुखण्यावर उपाय म्हणून तर मुळीच नाही. ताप असेल तर दवाखाना. सर्पदंश असेल तर एक मिनिटही न घालवता दवाखाना. मन फार काळ काळवंडलेलं असेल, आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. रिंगण त्यानंतर.

जागा आणि वेळ

घरातली अशी जागा निवडा जिथे अर्धा तास कुणी येणार नाही. वर पंखा असेल तर तो बंद करावा लागेल. रांगोळी उडते आणि दिवा विझतो. त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपार सोडूनच द्या. पारा ४५च्या आसपास असताना बंद खोलीत पंख्याविना दिवा लावून बसणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. पहाटे गच्चीवर किंवा दिवेलागणीनंतर अंगणात बसावं. मला स्वतःला पहाट आवडते, सगळ्या घराचा श्वास अजून खाली असतो.

दिवाळीच्या सुमारास आपल्या अनेक घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कापूस. वेचणी झाली, भाव वाढायची वाट पाहायची, म्हणून एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. त्या खोलीत, तिच्या दारात, तिच्या शेजारच्या खोलीतसुद्धा दिवा, कापूर, उदबत्ती काहीही पेटवू नका. कापसाला एक ठिणगी पुरते. अशा दिवसांत ज्योतीच्या जागी तांब्याभर पाणी ठेवा किंवा बॅटरीचा छोटा दिवा. विधी जराही उणा होत नाही. एरवीही दिवा लावलात तर जवळ पाण्याची बादली आणि ओलं पोतं हवंच. ओढणी खोचून घ्या, पदर कमरेला बांधा. माझा पदर एकदा समईला लागता लागता राहिला, तेव्हापासून मी आधी पदर बांधते आणि मग वाक्य म्हणते.

बाहेर, निसर्गात करावंसं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. पण पावसाळ्यात तापीच्या पात्रात बसू नका. वरून पाऊस नसला तरी हतनूर धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. गिरणा-पांझरेचंही तेच. उन्हाळ्यात सातपुड्याच्या जंगलात काहीही पेटवू नका. पानगळीनंतर जमिनीवर सुक्या पानांचा थर असतो आणि वणवा लागायला एक काडी पुरते. यावल अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरायचंच नाही. शेतात बसायचं असेल तर दिवसा, जागा नीट झाडून, गवत कापलेलं असताना. आणि दुसऱ्याच्या शेतात, चौरस्त्यावर, वेशीवर, स्मशानाजवळ अजिबात नाही. तिथे कुंकवाची रेघ दिसली की गावाला उतारा वाटतो, आणि त्या भीतीचं खापर दुसऱ्याच कुणा बाईवर फुटू शकतं. याच कारणाने लिंबू, सुया, काळी बाहुली, बिब्बा या वस्तू माझ्या साहित्यात नसतात. रिंगणाला त्यांची गरज नाही.

आकार आणि कशाने आखायचं

गार्डनर यांच्या परंपरेत वर्तुळ नऊ फूट व्यासाचं असतं, कारण त्यात अनेक जण उभे राहतात आणि फिरतात. एकट्या बसणाऱ्याला एवढं लागत नाही. विहिरीचं तोंड आखायची रीत वापरा. मध्ये एक खिळा किंवा जड वाटी, तिला सुतळी, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला खडू. सुतळी दोन हात, म्हणजे सुमारे तीन फूट घेतली तर सहा फुटांचं रिंगण होतं. त्यात मांडी घालून बसता येतं, पुढ्यात पाट राहतो, उभं राहून चारही दिशांना वळता येतं. घर लहान असेल तर दीड हात सुतळी घ्या. आधी खडूची फिकट खूण करा, मग तिच्यावरून विधीच्या वेळी खरी रेघ ओढा.

रेघ कशाची? पुस्तकांत बहुतेक ठिकाणी मीठ सांगितलेलं असतं. फरशीवर मीठ ठीक आहे. मातीवर मीठ टाकू नका. मी पहिल्या उत्साहात तुळशीच्या कट्ट्याभोवती खडेमिठाचं कडं केलं. रात्री पाऊस आला, मीठ मातीत उतरलं आणि पंधरा दिवसांत तुळस वाळली. घरात कुणी मला बोललं नाही, पण ते वाळलेलं खोड मी बरेच दिवस उपटू शकले नाही. केळीच्या बागेत, परसात, कुंडीशेजारी मीठ नकोच. कणीक किंवा तांदळाचं पीठ वापरलं तर मुंग्यांची रांग लागते. ते वाईट नाही, मुंग्यांना खायला मिळतं, पण तुम्ही आत बसलेले असता आणि त्या पायावर चढतात. पांढरी रांगोळी सर्वांत सोपी, स्वस्त आणि कुणाच्या डोळ्यांवर न येणारी. दारात रोज काढतोच. राख मिळाली तर माझ्या मते तिच्यासारखं काही नाही, पण ती पूर्ण गार झालेली, चाळलेली हवी. भाड्याच्या घरात डाग नको असतील तर पांढऱ्या सुताचा दोरा जमिनीवर गोल मांडा. काहीच नसेल तर बोटाने हवेत आखा. पहिल्या काही वेळी मात्र डोळ्यांना दिसेल अशी रेघ असावी. मन रेघेला धरून राहतं.

बाकी साहित्य थोडंच लागतं. पाण्याचा तांब्या, दिवा, एखादी उदबत्ती, मूठभर माती किंवा धान्य, बसायला आसन, ओलं फडकं. विक्कात दिशा दाखवायला दुधारी सुरी वापरतात, तिला अथेमी म्हणतात. ती कापायला वापरत नाहीत. सुरी घ्यायची गरज नाही, तर्जनी पुरते. घरात लहान मुलं असतील तर सुरी नकोच.

दिशा

इथे मी थोडी रमणार आहे, कारण खानदेशात राहणाऱ्याला दिशा शिकवाव्या लागत नाहीत.

विक्कात आणि त्याच्या आधीच्या पाश्चात्त्य परंपरेत पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी आणि उत्तरेला पृथ्वी मानतात. आता चोपड्यात किंवा शहाद्यात गच्चीवर उभे राहा. उत्तरेला सातपुडा आडवा पडलेला आहे, त्याच्याकडे तोंड करून 'पृथ्वी' म्हणायला कल्पनाशक्ती लागत नाही. पश्चिमेला तापी जाते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात, ही पश्चिमेला वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणून पश्चिम म्हणजे पाणी. दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आहे, काळ्या पाषाणाचा. तो पाषाण कधीकाळी जमिनीतून वर आलेला लाव्हा होता. त्या डोंगराकडे बघत मी अग्नीला बोलावते. पूर्वेकडून उजाडतं आणि पहाटेची पहिली झुळूक मला तिकडूनच आल्यासारखी वाटते. इंग्लंडमधल्या माणसांनी बसवलेली मांडणी तापीच्या खोऱ्यात इतकी चपखल बसावी, याचं मला अजून नवल वाटतं.

पण एक अडचण येते आणि प्रत्येक नवशिक्या ती विचारतो. आपल्या परंपरेत अष्टदिक्पाल आहेत. पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर, ईशान्येला ईशान. म्हणजे पश्चिमेच्या पाण्यावर दोघांचं एकमत आहे, पण अग्नी आणि वायू वेगळ्या कोपऱ्यांत गेले. मग कुठली मांडणी घ्यायची? दोन्हीपैकी एक घ्या आणि वर्षभर तीच ठेवा. एका विधीत दोन्ही मिसळू नका. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलं की ऐन वेळी आठवत नाही आणि मन वहीत डोकावत राहतं. तुमचा ओढा पूजेकडे असेल तर आठ दिक्पाल घ्या, ध्यानाकडे असेल तर चार तत्त्वं. आणि सातपुड्यातल्या भगतांचे, बडव्यांचे, म्हणजे तिथल्या आदिवासी पुजाऱ्यांचे विधी कुठे पाहिले असतील, तर त्यांची नक्कल करू नका. ते ज्यांचे आहेत त्यांच्या देवांशी आणि माणसांशी बांधलेले आहेत.

दिशा नेमकी हवी असेल तर मोबाइलमधलं होकायंत्र वापरा, लोखंडी कपाटापासून दूर उभं राहून. नुसत्या उगवत्या सूर्यावर विसंबू नका. मार्चच्या २०-२१ आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या सुमारास तो नेमका पूर्वेला उगवतो, पण जूनअखेर आपल्या अक्षांशावर तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेला. खडूने चार बारीक खुणा करून ठेवा.

आखणं

जागा झाडा. पूर्वेकडून सुरू करून केर दाराबाहेर. ओल्या फडक्याने पुसा. हातपाय धुवा, जमल्यास आंघोळ. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. तो मूक करून मांडीजवळ ठेवला तरी चालेल असं वाटतं, पण चालत नाही. मी ठेवला होता, बरोबर मध्यावर तो थरथरला, मी उठून बाहेर गेले आणि रिंगण तसंच राहिलं. त्या दिवशी रात्रीपर्यंत काहीतरी विसरल्याची हुरहुर होती. घरच्यांना सांगून ठेवा की अर्धा तास हाक मारू नका. लपवाछपवी नको. "ध्यानाला बसते आहे" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

सगळं साहित्य आत घ्या. काडेपेटी आत आहे ना, हे दोनदा बघा. बहुतेकांची काडेपेटीच बाहेर राहते.

मध्यभागी पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. नऊ श्वास मोजा. पायाखालची जमीन जाणवू द्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती त्या भेगांतून पाणी पिते, तसा श्वास खाली जाऊ द्या. मग पूर्वेच्या खुणेपाशी जा आणि रांगोळी सोडायला सुरुवात करा. फिरायचं प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे वर्तुळाचा मध्य तुमच्या उजव्या हाताला राहील असं. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, परत पूर्व. तुम्ही रेघेच्या आतच असायला हवं, म्हणून रेघ डाव्या हाताच्या बाजूला पडू द्या. घाई नको. सहा फुटांच्या रिंगणाचा परीघ जवळजवळ एकोणीस फूट होतो, तेवढं सावकाश चालायचं. चालताना तोंडाने तेच वाक्य, किंवा नुसतं "सर्वेषामविरोधेन". दोन टोकं मिळाली की थांबा. टोकं नीट मिळाली आहेत का बघा. फट राहिली तर चिमूट सोडून जोडा, घाबरायचं कारण नाही.

मग पुन्हा एकदा फिरा, या वेळी प्रत्येक खुणेपाशी थांबत. पूर्वेला उदबत्ती ओवाळा, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला पाणी शिंपडा, उत्तरेला माती किंवा धान्य ठेवा. प्रत्येक ठिकाणी आपल्या भाषेत बोला. संस्कृत येत नसेल तर अडत नाही. मी उत्तरेला अहिराणीत बोलते, कारण सातपुड्याशी मी लहानपणापासून त्याच भाषेत बोलत आले आहे. शब्द फार नकोत. "सातपुड्या, तू पाठीशी उभा ऱ्हाय." एवढं पुरतं. शेवटी मध्यावर या, वर बघा, खाली बघा. रिंगण सपाट रेघ वाटत असलं तरी मनात ते गोल धरायचं असतं, डोक्यावरून आणि जमिनीखालूनही. आपल्या परंपरेत आठ दिशांना वर ब्रह्मा आणि खाली अनंत जोडून दहा करतात, ते यासाठीच.

मग बसा. रिंगण झालं.

आत काय करायचं हे तुमच्या पहिल्या वाक्यावर अवलंबून आहे. जप, ध्यान, पत्र लिहून फाडणं, नुसतं रडणं, काहीही. पहिल्या सात वेळा मी काहीच करू नका असं सांगेन. फक्त आखा, दहा मिनिटं बसा, मोडा. हात बसतो, पाय बसतो, मग आत काम करताना रेघेची काळजी राहत नाही. अंगावर काटा आला, कानात गुणगुणलं, गार वाटलं, तर नोंद घ्या आणि श्वासाकडे परत या. काहीच वाटलं नाही तर तेही ठीक आहे. बहुतेक दिवशी मला फक्त शांत वाटतं, आणि मी त्यासाठीच बसते. भीती वाढायला लागली, छाती धडधडली, तर थांबा, पाणी प्या, शांतपणे मोडा आणि उठा. कुठलंही रिंगण तुम्हाला कोंडून ठेवत नाही.

मध्येच उठावं लागलं, लेकरू रडलं, दूध उतू गेलं, तर पूर्वेकडे हाताने पडदा बाजूला सारावा तसं दार उघडा, बाहेर पडा, परत येताना तसंच बंद करा. विक्कातही असं दार कापायची रीत आहे. मांजर किंवा लहान मूल रेघ ओलांडून आलं तर हाकलू नका. लेकरांच्या येण्याने काही बिघडत नाही. पाळीत बसावं का, असं मुली विचारतात. विक्कात त्याला मनाई नाही आणि मी बसते.

मोडणं

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तिथे आले. नवखे लोक आखायला तासभर देतात आणि मोडायला अर्धा मिनिट. काम झालं, डोळे उघडले, दिवा फुंकला आणि रांगोळीवर पाय देऊन स्वयंपाकघरात. असं करू नका.

आपल्याला पाठवणी शिकवायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशातली देवी कानबाई येते. घर सारवून-धुऊन, रोट करून, रात्रभर जागून आपण तिला बसवतो, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन नदीवर पोचवून येतो. आणताना जितकी माणसं असतात, निरोपाला त्याहून जास्त असतात. ज्याला बोलावलं त्याला नीट पोचवायचं. रिंगणातही हेच.

उठून उभे राहा. ज्या क्रमाने दिशांना हाक दिली त्याच क्रमाने प्रत्येकीसमोर हात जोडा आणि आभार माना. जी वस्तू तिथे ठेवली ती उचला. विक्कात यानंतर उलट्या दिशेने फिरून वर्तुळ उघडतात, जणू गुंडाळलेला दोरा उलगडत. आपल्याकडे उलटी फेरी अंत्यविधीशी जोडलेली आहे, त्यामुळे अनेकांना ती करताना चरचरतं, घरच्यांनी पाहिली तर जास्तच. तसं वाटत असेल तर फिरू नका. मीही फिरत नाही. मध्यावर बसून, दोन्ही हात जमिनीला टेकवून "झालं, आता मोकळं" असं म्हणते. मग उत्तरपूजेतलं "पुनरागमनाय च" म्हणते. पुन्हा येण्यासाठी जा. त्यानंतर पूर्वेपासून तळहाताने रेघ पुसत जाते. झाडूने नाही, पायाने तर नाहीच. हाताला रांगोळी खरखरते, गुडघे दुखतात, आणि त्या दोन मिनिटांत मन हळूहळू घरात परत येतं.

गोळा झालेली रांगोळी कागदात घेऊन कोरड्या कोपऱ्यात ठेवा, पुढच्या वेळी वापरता येते. राख आणि माती झाडाच्या बुडाशी. धान्य पाखरांना. मीठ वापरलं असेल तर बादलीभर पाण्यात विरघळवून मोरीत ओता. काहीही पुडीत बांधून रस्त्यावर, दुसऱ्याच्या कुंपणाशी किंवा नदीत टाकू नका. तापीला आधीच पुष्कळ सोसावं लागतं.

मग काहीतरी खा. भाकरीचा तुकडा, गूळ-शेंगदाणे, कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल तर फारच छान. विक्कातही विधीनंतर खायची रीत आहे. मीठ-तिखट जिभेवर आलं की अंग जागेवर येतं. खाऊन झालं की वहीत तारीख, वेळ, ते वाक्य आणि चार ओळी लिहा. डोकं जड वाटत असेल किंवा अजून आतच असल्यासारखं वाटत असेल, तर परत त्या जागी जाऊन बघा. बहुतेक वेळा आसनाखाली किंवा पाटाच्या मागे रेघेचा एखादा बोटभर तुकडा राहिलेला असतो. ओलं फडकं घ्या आणि तेवढा पुसून टाका.